डॉक्टरांना घातलेला हार

त्या वर्षी मी आमच्याच वाडीत मास्तर होतो. पोलादपूरपासून दीड तासाच्या चढावर वाडी. चार इयत्ता, एक खोली, एक मास्तर. महाडला राहून शिकलेला वाडीतला पहिला माणूस मीच. त्यामुळे जगातलं सगळं मला कळतं असा वाडीचा समज होता, आणि खोटं कशाला बोलू, माझाही होता. चीनची लढाई सुरू झाली तेव्हा पोलादपूरहून वर्तमानपत्र आणून संध्याकाळी देवळापुढे वाचून दाखवायचं काम आपसूकच माझ्याकडे आलं.

सुरुवातीला लोक ऐकता ऐकता सुपारी कातरत, मध्येच भातकापणीचं बोलत. हिमालय कुठे आणि आम्ही कुठे. पण दिवसागणिक माझाच आवाज चढत गेला. छापलेल्यात मी पदरचं घालू लागलो. ज्यांनी आयुष्यात महाडपलीकडचं काही पाहिलं नव्हतं ते म्हातारे आठवड्याभरात चीनला कसा धडा शिकवायचा ते एकमेकांना सांगू लागले. त्यांना कुणी फसवलं नव्हतं. मी रोज थोडं थोडं वाढवून वाचत होतो, एवढंच.

त्यात आमचं एक दुखणं होतं. नदीपलीकडच्या गावातली पाच-सहा माणसं फौजेत होती. आमच्या वाडीचे गडी सगळे मुंबईला, गिरणीत नाहीतर गोदीत. पलीकडचे लोक बाजारात भेटले की मुद्दाम विचारत, "तुमच्यातला कोन हाय रं सरहद्दीवर?" आम्ही पिशव्या उचलून पुढे सरकायचो.

अशात एकदा पोलादपूरच्या दवाखान्यातले डॉक्टर मला सहज म्हणाले, "मास्तर, फौजेला डॉक्टर हवेत असं पत्रक आलंय. इच्छा असेल त्यानं नाव द्यावं. मी अजून काही ठरवलेलं नाही." डॉक्टर घाटावरचे, एकटेच राहत. आमच्या डोंगरातल्या सगळ्या वाड्यांना तेवढे एकच डॉक्टर. बोलणं इतकंच झालं. मी ते चहाच्या दुकानात सांगितलं, आणि सांगताना 'पत्रक आलंय' याचं 'बोलावणं आलंय' झालं. दुकानातून वाडीत पोचेपर्यंत डॉक्टर निघालेसुद्धा होते. दोन दिवसांत आम्ही पलीकडच्यांना छाती फुगवून सांगू लागलो, आमचा माणूस चाललाय म्हणून.

रविवारी लेझीम, गुलाल आणि झेंडूचा हार घेऊन आम्ही दवाखान्याच्या दारात उभे राहिलो. डॉक्टर बाहेर आले ते बनियनवर, गालाला दाढीचा साबण तसाच. त्यांनी हाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी भाषण सुरू केलं. भाषण लांबलं, तोवर साबण गालावर वाळून गेला. शेवटी ते म्हणाले, हो, जातो. एवढ्या लोकांसमोर दुसरं काय म्हणणार.

देश लढाईत कसे ओढले जातात यावर पुढे मी बरीच पुस्तकं वाचली. त्यांत मोठमोठी कारणं असतात, नकाशे असतात. वाचून वाचून आता त्याचाही कंटाळा आला. मला एवढंच कळलंय की ठरवणाऱ्याचं ठरायच्या आधीच हार येऊन पोचतो, आणि मग नाही म्हणायची कुणाची टाप नसते. आणणाऱ्यांत मी पुढे होतो, हे मात्र कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

वहिनीने तेव्हाच विचारलं होतं. आई लवकर गेल्यामुळे मला वाढवलं ते दादाच्या बायकोने, या वहिनीनेच. मी गुलालाने माखून घरी आलो तेव्हा ती भाकऱ्या थापत होती. तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "भावजी, डाक्टर गेल्यावर हितं कोन बघील?"

"दुसरे येतील."

"मंग ते आल्यावर पाठवायचं व्हतं यांना."

"वहिनी, देशावर संकट आलंय आणि तुला खोकल्याच्या औषधाची पडलीय," मी म्हणालो. तिने तव्यावरची भाकरी उलटली. तिला गप्प केल्याचं मला तेव्हा बरंच वाटलं, हे सांगायला आज लाज वाटते.

डॉक्टर गेले, दुसरे आले नाहीत. दवाखाना कंपाउंडर उघडायचा, पट्ट्या बांधायचा, मिक्श्चर द्यायचा. कापणी निम्म्यावर आली असताना एका सकाळी भाताची पेंढी उचलताना वहिनीच्या हाताला फुरसं डसलं. फुरसं म्हणजे छोटासा साप. त्याचं विष माणसाला तडकाफडकी मारत नाही, हळूहळू रक्त पातळ करतं, हिरड्यांतून येऊ लागतं, दोन-तीन दिवस घेतं. आम्ही घोंगडीची डोली बांबूला बांधली, आणि दादा, मी आणि आणखी चौघे खांदे बदलत दहाच्या सुमाराला पोलादपूरला उतरलो. वहिनी पूर्ण शुद्धीत होती. उरलेला भात आजच उचला, पाखरं ठेवायची नाहीत, असं डोलीतून दादाला बजावत होती.

कंपाउंडरने हात पाहिला आणि कपाट उघडलं. "मास्तर, सापाच्या इखावरची लस हाय. मी टोचतो. एखाद्याला ती सोसत नाय, पन बहुतेकांना सोसते. डाक्टर नायत म्हनून तुमाला इचारतो. तुमी व्हय म्हना."

"तुमच्याकडे टोचायचा परवाना आहे का?"

"कागद नाय माझ्याकडं."

दादा माझ्या तोंडाकडे पाहत होता. "तू शिकलेला हायस. तू सांगशील तसं."

मी म्हणालो, महाडला नेऊ, डॉक्टरच्याच हातून होऊ दे. एवढं शिकून वहिनीला कंपाउंडरच्या सुईखाली देणं मला अडाणीपणाचं वाटलं. महाडची गाडी तासाभरात होती. पण महाडच्या वाटेत वळणावर एक ट्रक आडवा झाला आणि रस्ताच बंद पडला. आम्ही दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिलो. कंपाउंडर दोनदा बाहेर आला. दोन्ही वेळा म्हणाला, "मास्तर, अजून येळ गेली नाय." दोन्ही वेळा मी मान हलवून नाही म्हटलं. तोवर वहिनीच्या दातांच्या फटी लाल दिसायला लागल्या होत्या, आणि ती ते पदराने झाकत होती.

महाडला पोचायला दिवस मावळला. तिथल्या डॉक्टरांनी ताबडतोब लस टोचली, जे करण्यासारखं होतं ते सगळं केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी गेली.

भात झोडून व्हायच्या आत लढाईही थांबली. डॉक्टर शिमग्यानंतर परत आले. सरहद्द त्यांनी पाहिलीच नव्हती. घाटावरच्या एका छावणीत भरतीला आलेल्या पोरांच्या छात्या मोजत होते. मी त्यांना भेटायला गेलो आणि सगळं सांगितलं. कंपाउंडर तयार होता पण मी अडवलं, हेही सांगितलं. मला वाटतं, बरं केलंत असं त्यांनी म्हणावं म्हणूनच मी गेलो होतो.

त्यांनी उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "मास्तर, माझा हात कापतो. इथे आल्यापासून एकही सुई मी टोचलेली नाही. तुमच्या डोंगरातली साप चावलेली माणसं वाचली ती कंपाउंडरच्या हातानं. मी नुसता शेजारी उभा असायचो, म्हणून लोक दंड पुढे करायचे."

हे मी दादाला कधीच सांगितलं नाही. पुढे कितीतरी वर्षं, वहिनीचा विषय निघाला की तो आल्या-गेल्याला सांगायचा, माझा भाऊ शिकलेला म्हणून तिला निदान महाडपर्यंत तरी नेता आलं. मी समोर बसून ते ऐकायचो.