माय लाजत नव्हती

काल मायला घेऊन वाशीमच्या डॉक्टरांकडे गेले... आणि भांडून आले.

जऊळक्याहून सकाळच्या गाडीने निघालो. मी, माय आणि माझी भावजय सुमन. गेले काही महिने माय साऱ्या वस्तीला सांगत सुटली आहे, "सून मले जेवाले देत नाही."

देते. मी स्वतः पाहिलंय. माय जेवते, हात धुते, ओट्यावर जाऊन बसते... आणि तिथे पुन्हा उपाशी होते. पण सांगते इतकं रंगवून, की कुणालाही पटावं.

"काहून वं सुमन, मातारीचे घास मोजतं काय?" असे टोमणे ऐकून सुमनने विहिरीवर जाणं सोडलंय. माझ्या भावाने तर तिला माहेरी पोचवायचं ठरवलंय, या आठवड्यातच.

माझ्या मोठ्या काकांनाही असंच विसरायला झालं होतं. ते शब्दाशब्दाला अडखळू लागले, तसे पुरुषमंडळींनी त्यांना लगेच अकोल्याला नेलं. मेंदूचा आजार, असं सगळे आदराने म्हणायचे. मायची मात्र जीभ शाबूत... म्हणून तिचा आजार कुणाला दिसेना, सून तेवढी दिसली.

भावजयीला सोडवण्यासाठी मी आईला वेडी तर ठरवत नाही ना? गाडीत मी हेच स्वतःला विचारत होते.

डॉक्टरांसमोर माय खुलली. "काय आजी, बरं आहे ना?" असं त्यांनी विचारताच म्हणाली, "आजी कोनाले म्हनता? तुमच्या डोक्यावर तं माह्याहून कमी केस हायेत!" डॉक्टर खो खो हसले. पीकपाणी झालं, पाहुणे झाले, मग त्यांनी मालकाचं नाव विचारलं.

मायने पदर तोंडाला लावला. "अवो, बाईमानूस मालकाचं नाव घेते काय कुठी?"

डॉक्टर खूश. मला म्हणाले, "चांगल्या तल्लख आहेत. वयाने थोडं व्हायचंच. सुनेने जरा गोडीने वागावं." सुमनने मान खाली घातली.

मला मात्र ते पटेना... कारण माझी माय लाजणारी नाही. छप्पन साली धम्मदीक्षा घेतली, त्यानंतर आमच्या वस्तीत नवऱ्याला उघड नावाने हाक मारणारी ती पहिली बाई. "ओ किसन!" म्हणून अंगणातून ओरडायची. सासू चिडली की विचारायची, "नाव घेतल्यानं मानूस मरते काय?"

मी म्हटलं, "डॉक्टर, ती लाजत नाहीये. तिला आठवत नाहीये."

ते म्हणाले, बाई, तुम्ही शिकलेल्या, उगाच शंका काढता. मी खुर्ची सोडली नाही. शेवटी त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी न हसता.

मायचा पदर खाली आला. माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं... आणि तिने सुमनचा हात धरला. "सांग नं वं बाई. तुले मालूम असन."

सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नसतं. सुमनने घेतलं. "किसन, मामी. किसन."

"हो... तेच," माय म्हणाली.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि सगळं पहिल्यापासून विचारलं. हा आजारच आहे, म्हणाले. मी विचारलं, बायकांच्या मेंदूत हा बिघाड वेगळ्या वाटेने चालतो का? बोलणं शाबूत ठेवून बाकीचं आधी नेतो का? म्हणाले, "खरं सांगू? ठाऊक नाही. अशा तक्रारीसाठी बायकांना आमच्याकडे आणतंच कोण?"

मी आणीन. एकेकीला आणीन... त्यांना कळेपर्यंत आणीन.

घरी आल्यावर भावाला ओट्यावरच, चार माणसांसमोर सांगितलं. माय आजारी आहे आणि सुमन कुठेही जाणार नाही. तो म्हणाला, "वस्तीत काय तोंड दाखवू?" म्हटलं, जे आहे तेच दाखव.

मायच्या बाबतीत माझं चुकत असेल तर मला जरूर सांगा, मी ऐकेन. सुमनच्या बाबतीत नाही ऐकणार. परक्यासारखं वागवलेल्या त्या पोरीचाच हात मायने धरला... आणि तिने तो झटकला नाही. एवढं मला पुरे आहे.