आईच्या नावाचा क्रॉस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. प्रार्थनेतसुद्धा नाही — तिथंही इकडचं तिकडचं मागून उठते. आता थकले आहे, म्हणून तुम्हाला सांगते.

अकोल्यातल्या आमच्या जुन्या लुथरन चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर लोखंडी क्रॉस टांगलेले आहेत. माझा धाकटा भाऊ दानिएल वेल्डिंग करायचा. मोडके नांगर, ट्रॅक्टरचे पाटे अशा भंगारातून त्यानं ते घडवले. भंगार आणून द्यायचा इस्माईल, हातगाडीवाला, त्याचा लहानपणापासूनचा दोस्त.

आई शेवटची कित्येक वर्षं अंथरुणावर होती. माझ्याकडे. तिचं हगणं-मुतणं, पाठीच्या जखमा — सगळं मी केलं. दानिएल रविवारी यायचा, उशाशी बसायचा, जायचा. ती गेल्यावर त्यानं तिच्या नावाचा क्रॉस करून फाटकाजवळ लावला. मंडळीतले लोक म्हणाले, मुलगा असावा तर असा. मला कुणी काय म्हणालं? — जाऊ द्या. कारण म्हणून नाही सांगत.

वेदीवरची फुलं बदलायला मी दुपारी जायचे. एकदा तिथं कुणीच नव्हतं. मी तो क्रॉस काढला, ओढत मागच्या पडक्या विहिरीपाशी नेला आणि आत टाकला.

एवढंच असतं तर कदाचित विसरलेही असते.

संध्याकाळी दानिएल आला, चेहरा उतरलेला. म्हणाला, "ताई, आईचा क्रॉस जागेवर नाही. दुपारी तू तिकडंच होती ना? इस्माईल दिसला काय तुले?"

इस्माईल रोजच त्या रस्त्यानं जायचा. त्या दुपारीही गेला होता.

"दिसला होता," मी म्हटलं.

यात खोटं काय होतं? — हे मी स्वतःला किती वर्षं विचारत आले.

दुसऱ्या दिवशी दानिएलनं चौकात त्याची गाडी अडवली. मी सोबत होते. इस्माईल एवढंच म्हणाला, "मावशीचा क्रॉस मी इकीन काय, दानी? ते पाटे म्याच देल्ले होते तुले." दानिएलनं सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत मारली. इस्माईलनं माझ्याकडे पाहिलं — ताई काहीतरी बोलेल, असं वाटलं असेल त्याला. मी पदर सारखा केला.

तो पुन्हा आमच्या रस्त्यानं आला नाही. दानिएलनंही क्रॉस करणं सोडलं. मागच्या वर्षी दानिएल गेला, दोस्त चोर निघाला हे मनात धरूनच. त्याच्या आजारपणात सांगायला मला वेळ नव्हता का? होता. खूप होता.

मातीच्या दिवशी इस्माईल आला होता. म्हातारा झालाय. कब्रस्तानाच्या फाटकाबाहेरच उभा राहिला. मला दिसला. हाक मारली असती तर आत आला असता.

मी नाही मारली.