माझ्या खिडकीतली दुसऱ्याची आई

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. म्हणजे तिला अर्धं ठाऊक आहे, आणि नेमकं तेच अर्धं खोटं आहे. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

इथं परदेशात, टार्निट उपनगरातल्या आपल्या लोकांत माझं नाव चांगलं आहे. घरमालक असावा तर बाळासाहेबांसारखा, म्हणतात. भाडेकरूचा नळ गळला की त्याच दुपारी मी पान्हा घेऊन दारात. हीटर बिघडला तर स्वतःच्या घरचा उचलून दिलाय मी. नववीत शाळा सोडली. बायको नर्स, तिच्या व्हिसावर आलो, इथं फरशी बसवायचं काम शिकलो. पहिलं घर घेतलं, पोरं वाढली तसं पलीकडच्या गल्लीत दुसरं घेतलं, आणि पहिलं भाड्यानं दिलं. इतकं मिळालंय की अजून भीती वाटते — कोणीतरी येऊन म्हणेल, चुकून दिलं होतं, परत कर.

भाडेकरू पुण्याचे. मंदार आणि ऋचा, दोघं आयटीत, एक लहान मुलगा. गुणी माणसं. मंदार मला दादा म्हणायचा. मग उन्हाळ्यात त्याची आई राहायला आली.

कसं सांगू? ती पुढच्या खिडकीत बसून भाजी निवडायची. बस, एवढंच. कामावरून येताना मी मुद्दाम त्या गल्लीतून गाडी घालायचो, आणि ती दिसली की जळायचो. त्या खोलीची फरशी मी गुडघे सोलून बसवलेली. तिच्यावर पाय ठेवून बसली होती दुसऱ्याची आई.

एकदा सिंकखालचा पाइप बदलायला गेलो. मंदार कॉलवर होता. मी आत डोकं घालून आडवा पडलेला, तेवढ्यात ती कडाडली, "मंद्या! माणूस इथं राबतोय आणि तू काय खुर्चीत बसून इंग्रजी झाडतोयस? बॅटरी धर त्यांना!" एवढा मोठा मॅनेजर, कानातला हेडफोन काढून हसत हसत आला आणि बॅटरी धरून उकिडवा बसला. मला त्याचा पगार कधी नको होता, त्याचं इंग्रजीही नको होतं. ती हाक हवी होती. इथं मी बाळासाहेब, नाहीतर गोऱ्यांच्या तोंडी नुसता मेट. मला बाळ्या म्हणणारी एकच बाई, ती कराडच्या पुढं एका गावात, थोरल्या भावाकडं.

आणि माझी मुलगी. मी मराठीत विचारावं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यावं, हे आमचं ठरलेलं. पण त्या बाईच्या दारात उभी राहून म्हणते कशी — "आजी, उद्या पण लाडू करणार ना?" मी कुंपणाशी उभा राहून ऐकलं. माझ्याशी का नाही ती असं बोलत?

इथला कायदा भाडेकरूच्या बाजूचा. उगाच कुणाला उठवता येत नाही. पण घरमालकाचं जवळचं माणूस तिथं राहायला येणार असेल, तर घर सोडायला सांगता येतं. मी मंदारला सांगितलं — आई येतेय गावाहून. तिला जिना चढवत नाही, हे घर बैठं आहे.

आईला मी कधी विचारलंच नव्हतं.

तो भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं माझे दोन्ही हात धरले. "अहो दादा, आई येतायत! मग आम्ही अडून बसायचं का?" पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, क्लेटनकडं गेले ते. मुलाची शाळा वर्षाच्या मध्यावर बदलली. ते घर दुमजली, मंदारच्या आईचे गुडघे तिथं चालेनात. ती ठरल्यापेक्षा लवकर परत गेली. आणि घर सोडताना त्यांनी काय केलं माहितेय? बाथरूमच्या भिंतीत धरायला दांडी बसवून ठेवली. माझी एकही टाइल न फोडता. माझ्या आईसाठी.

तरी हे सगळं इथवरच थांबलं असतं. पण मंदारची आई पुण्याहून एसटीनं आमच्या गावाला गेली. माझ्या आईला भेटायला! थंडी कशी असते, पायमोजे कुठले आणायचे, कुठल्या खोलीत सकाळचं ऊन येतं, सगळं समजावून आली.

मग आईचा फोन आला. "बाळ्या, मला कसं बोलला न्हाईस रं? घर रिकामं करून ठिवलंस म्हनं!" तिनं ब्लाउज शिवायला टाकले होते. शेळी शेजारणीला देऊन टाकली होती.

घर रिकामंच होतं. मी खरंच बोलावू शकलो असतो. मग का नाही बोलावलं? इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो, की तिनं मला इथं ज्याच्यात्याच्यापुढं सॉरी सॉरी करताना पाहिलं असतं, याची लाज वाटली. तेही खोटं. मला आई त्या खिडकीत हवी होती असं नाहीच. मंदारची आई तिथं नको होती. ती गेली, आणि माझं काम झालं होतं.

मी म्हणालो, आई, अर्ज केला होता, व्हिसा नाकारला. बायकोलाही तेच सांगितलं, तिनं ते अजून खरं धरलंय.

आई म्हणाली, "असू दे. सरकारफुडं तू काय करनार? जिवाला लावून घिऊ नगंस." माझा आवाज बसलाय असं तिला वाटलं. ती बराच वेळ माझी समजूत काढत राहिली — आणि मी ती काढू दिली.