साखर जळते तेव्हा

जळगावला आमच्या शेजारी एक हेडक्लार्क राहत. रेडिओ लावायचा तरी "आता आपण बातम्या ऐकू या" असं जाहीर करून लावत. सुट्टीला ते मासिकात वाचलेला एखादा पदार्थ करत आणि तो खायलाच नव्हे, बघायलाही आम्हाला बोलावत. माणूस कंटाळवाणा होता, तरी मी दर वेळी जात असे.

त्या रविवारी कॅरॅमल होतं. ऑफिसातले नवे साहेब सपत्नीक आल्यामुळे भाषण जरा लांबलं. "साखरेत पाणी अजिबात घालायचं नाही. ती आपली आपण वितळते. मग रंग तांबूस होतो..."

रंग तांबूस झाला, थोडा धूरही निघाला. धरणगावहून आलेली त्यांची आई दारात बसली होती. "अरे, साखर जयनी ना!" असं ओरडून ती उठली आणि तिने तांब्याभर पाणी पातेल्यात ओतलं. चर्र आवाज होऊन साखरेचा दगड झाला. साहेबांच्या बाई हसल्या. आपलं काहीतरी चुकलं हे म्हातारीला तेव्हा कळलं. तिने पदर तोंडाला लावला.

आता हेडक्लार्क काय करतात, याचं मला कुतूहल होतं. माझ्या बायकोचा 'कॅरमेल' हा उच्चार त्यांनी मघाशीच चारचौघांत दुरुस्त केला होता.

ते आईकडे वळले. "बरं करं माय तू. नहीं ते बठ्ठी साखर जयी जाती."

त्यांच्या तोंडून खानदेशी मी तोवर कधी ऐकली नव्हती.

म्हातारीने पदर खाली घेतला. "मंग! तुले काय समजस?" म्हणाली, आणि त्यांना बाजूला सारून तिने पातेलं उतरवलं.