बिस्किटाचा पुडा

चहात बिस्किट भिजल्याचा गोडसर वास आला की मला निफाडजवळचा तो बांध आठवतो. तेव्हा मी गुप्तवार्ता विभागात होतो; लोकांच्या मोबाइलवर काय फिरतंय ते तपासून वर कळवणं हे माझं काम. निवडणुकीच्या धामधुमीत पोरं पळवणाऱ्या टोळीचा एक व्हिडिओ गावोगाव फिरत होता. तो दुसऱ्याच राज्यातला आणि जुना आहे, हे मी सोमवारीच शोधून काढलं. साहेब म्हणाले, "मतदान होऊ दे, मग बघू," आणि मीही अहवालात 'परिणाम नगण्य' लिहून मोकळा झालो. त्याच आठवड्यात, सुरगाण्याहून द्राक्षाच्या छाटणीला आलेल्या एका मजुराने बांधावर रडणाऱ्या पोरीला बिस्किट दिलं. मी पोचलो तोवर जमावाने त्याला मारून टाकलं होतं; वेलींखालच्या चिखलात बिस्किटाचा पुडा तुडवलेला दिसत होता. पोरीचा आजा पाण्याच्या नळीखाली हात धूत होता. "बाबा, तो व्हिडिओ खोटा होता," मी म्हणालो. त्याने विचारलं, "तुमाला कधी कळलं?" मी म्हणालो, "सोमवारी." त्याने नळी तशीच वाहू दिली. "आज शुक्रवार हे, साहेब." हल्ली टीव्हीवाले मला, लोकांना कसं भडकवलं जातं ते समजावायला बोलावतात. मी छान समजावतो. त्या सोमवारचं कुणी विचारत नाही, आणि मीही सांगत नाही.