जिमवाला सरपंच आन् आमचं म्युझियम

आमच्या म्युझियमात रोज झाडू मी मारते. केर निघतो, किस्से काय निघत नाय! रोज वाढतातच.

म्युझियम म्हंजे काय, तर ठाणे जिल्ह्यात, वैशाखरे गावाच्या पुढं, आमच्या गावातली एक खोली. रिटायर गुरुजींनी घरोघर फिरून भांडी, नांगर, जुनी पुस्तकं गोळा केली आन् मांडली. सरपंचाला तीच खोली पोराच्या जिमसाठी हवी. ठाण्यावरनं जिल्ह्याचा साहेब येऊन बघणार, मग खोली कुणाची ते ठरणार. तवर गुरुजींच्या जिवाला घोर!

*

पाड्यावरची पारू आली. भात लावताना डोक्यावर घ्यायचं इरलं भिंतीला टांगलेलं. खाली पाटी, 'नामशेष वस्तू'. बाहेर पाऊस झोडपत होता. पारूनं इरलं काढलं, डोक्यावर घेतलं, चालली शेतावर! सांजच्याला आणून दिलं.

गुरुजी ओरडले, "अगो, भिजवलंस की!"

"मंग काय, भाजायचं होतं?"

*

भाताची कणगी माझी, गुरुजींनी म्युझियमात नेली. मंग भात ठेवू कुठं? मी गुपचूप तिथंच कणगीत भरला. मुंबईची पोरं आली, हात घालून बोलली, "वाव, एकदम रियल!"

गुरुजी फुशारले. मी बोलली, "गुरुजी, उंदीर पण रियलच येतील!"

*

साहित्याच्या कोपऱ्यात गावच्या जुन्या कवीचा फोटो हवा होता. कवीचा फोटो कुठून मिळणार? मी आमच्या मामेसासऱ्यांचा दिला. बोलली, "हाच तो!" चष्मा, शाल, चेहरा नुसता विचारात बुडलेला. (पोट साफ होत नसे, म्हणून!) गुरुजींनी हार घातला, हात जोडले.

जल्मभर अंगठा लावला, मेल्यावर मामा कवी झाला!

*

शेवटी आला साहेब. सरपंच शेजारीच खुर्ची ओढून बसला. साहेब बोलला, "इथलं एखादं जुनं गाणं ऐकवा की कुणी."

गुरुजींना घाम. सरपंच हसायला लागला. मी झाडू ठेवला. लग्नात विहिणीला चिडवायची गाणी आमच्यात असतात, ज्याची जिरवायची त्याचं नाव आत घालायचं. लावला सूर:

"तळं गिळलं, गायरान गिळलं, ढेकर नाय आला गो,
सरपंच भाऊचा डोळा आता खोलीवर गेला गो!"

साहेबानं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. "वा! किती जुनं आहे हो हे?"

गुरुजी घाबरून बोलले, "शे-दीडशे वर्षांचं असेल, साहेब!"

साहेबानं हळूच मान वळवली.

"काय हो सरपंच, दीडशे वर्षं तुम्ही हीच खोली मागताय?"