पहिल्या फेरीत थांबायचं नाही

गेल्या गुरुवारी काळाचौकीतल्या एका शाळेत, मी एका आजीच्या मुठीतून माझा हात सोडवून घेतला आणि पुढे निघून गेले...

मी परळच्या एका हॉस्पिटलात आयसीयू नर्स आहे. पूर, भूकंप, युद्ध अशा ठिकाणी पोचल्यावर तिथल्या लोकांच्या तब्येतीचा अंदाज झटपट कसा घ्यायचा, याचं ट्रेनिंग करत होते. गुरुवारी शेवटची मॉक ड्रिल होती, तीच आमची परीक्षा. पण सकाळीच जवळच्या एका चाळीचा मागचा भाग कोसळला. माणसं वेळेत बाहेर पडली, त्यांना शाळेत हलवलं.

आमच्या ट्रेनर केतकी मॅडमना फोन आला. "ड्रिल कॅन्सल. आता खरंच जायचंय."

गाडीत मॅडमनी एवढंच बजावलं, "पहिल्या फेरीत थांबायचं नाही. जो हाक मारतोय, त्याच्यात निदान हाक मारायची ताकद आहे. जो गप्प आहे, त्याला शोधा." वर्गात मला हे कधीच जमलं नव्हतं. आयसीयूत पेशंटला सोडून जायची सवयच नसते ना...

शाळेत शिरताच त्या आजींनी माझं मनगट धरलं. "माका दम लागता गो बाय..." छातीत शिट्टी वाजत होती, पण बोलणं सलग होतं, ओठ गुलाबी होते. मी आमच्या टीममधल्या फरहानला हाक मारली, दम्याचा पंप द्यायला सांगितलं आणि हात सोडवला.

"खंय चललंस?" मागून आवाज आला. मी वळले नाही.

पाणी कुठून येतंय, टॉयलेट किती, कुणाची रोजची औषधं ढिगाऱ्याखाली राहिली... बघत, विचारत शेवटच्या वर्गात पोचले. कोपऱ्यात एक गरोदर मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. "झोपू दे तिला, दमलीय," सासू म्हणाली.

पण तिचे डोळे उघडे होते. पावलं सुजलेली. मी खाली बसले. "डोकं दुखतंय का गं?"

"खूप... आणि डोळ्यांपुढे चमकतंय. सगळे आधीच टेन्शनमध्ये आहेत, म्हणून बोलले नाही."

बीपी बघितलं, भयंकर वाढलं होतं. लगेच अँब्युलन्स बोलावली. कुठल्याही क्षणी तिला झटके आले असते. अँब्युलन्स येईपर्यंतचा वेळ कसा गेला, ते मी सांगू शकत नाही.

त्याच दुपारी सिझेरियन झालं. मुलगी झाली, अगदी लहानशी... दोघी सुखरूप आहेत.

संध्याकाळी आजींकडे गेले. श्वास आता शांत होता, पण त्यांनी तोंड फिरवलं. मी उभीच राहिले. शेवटी त्यांनीच विचारलं, "त्या पोरीचा काय झाला?"

"वाचली, आजी. बाळही बरंय."

"बरा झाला," म्हणाल्या आणि चटईवर थोड्या सरकून मला जागा करून दिली.

परीक्षेत पास झाले की नाही, अजून कळलेलं नाही. पण त्या चटईवर मला बसू दिलंत, आजी... त्याबद्दल मनापासून थँक्यू.